छान म्हणजे कुठे?

गेल्या जुलैतली गोष्ट. तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीत येऊन टेकलो होतो. चहाचा पेला नुकताच हातात आला होता, इतक्यात द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी तिने एक कविता दिली होती. ती वाचून, खरे म्हणजे वाचल्यासारखे करून, मी तिच्या वहीच्या समासात ‘छान. लिहीत राहा.’ असा शेरा मारला होता आणि वही परत केली होती. ती वही छातीशी धरून ती म्हणाली,

“सर, छान म्हणजे कुठे?”

“कुठे म्हणजे?”

“म्हणजे कुठल्या ओळीत?”

एकवीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे. रस, रीती, अलंकार यांच्यावर झोपेतून उठवले तरी तासभर बोलेन. पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी चहाचा एक लांब घोट घेतला आणि म्हणालो, “अगं, एकूणच छान आहे.” ती “बरं सर” म्हणून निघून गेली. प्रश्न कसा शिताफीने परतवला, या समाधानात मी उरलेला चहा संपवला.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच सुमाराला एका गिटारीने माझ्यावर अशी पाळी आणली की, तोच प्रश्न मीच दारोदार विचारत हिंडू लागलो.

गिटार आमच्या घरी आली ती माझ्यासाठी नव्हे. दहावीच्या सुटीत चिरंजीवांनी हट्ट धरला, नऊ हजार रुपये मोजून ती घेतली, आणि सहा आठवड्यांनी ‘बोटं दुखतात’ या कारणास्तव ती खुंटीवर गेली. तिथे तिच्या गळ्यात प्रथम चिरंजीवांचा टॉवेल पडला, मग हिची ओढणी आणि पावसाळ्यात छत्री. नऊ हजारांचे छत्री अडकवण्याचे साधन इतर कुणाकडे असेल असे मला वाटत नाही. एका रविवारी ती छत्री काढताना तारांना धक्का लागला आणि सगळ्या तारा एकदम गुंजल्या. मी गिटार खाली उतरवली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आणि या वयात माणसाने नवे काही सुरू करायचे ते साखर सोडण्यापुरतेच, असा माझ्या डॉक्टरांचा अभिप्राय होता.

आयुष्यात पुस्तक धरण्यापलीकडे ज्याने काही केले नव्हते, त्या माझ्या डाव्या हाताच्या बोटांना पोलादी तारांनी आधी फोड आणि मग घट्टे आणले. सतारीसारखेच हिलाही पडदे असतात, खुंट्या असतात, घोडी असते. बाराव्या पडद्यावर तार दाबली की तीच तार बरोबर वरच्या सप्तकात बोलते, हे समजले त्या दिवशी मी हिला स्वयंपाकघरातून बोलावून आणून ते दाखवले. हिने ते पाहिले आणि गॅस बारीक करायला ती परत गेली.

दोन वर्षांत माझ्या हातून एक धून तयार झाली. अडीच मिनिटांची. तिचा उगम कुठला, ते पुढे येईलच. धून झाली तशी ती टिपून ठेवण्याची इच्छा झाली, आणि इथून माझ्या हालअपेष्टांना प्रारंभ झाला.

घरी ध्वनिमुद्रण करायला बसल्याखेरीज आपले घर किती बोलते याची माणसाला कल्पना येत नाही. पंखा बंद केला, तर फ्रिज गुरगुरतो. फ्रिजचे बटण बंद केले, तर दूध नासते. खिडकी लावली तरी पाऊस बाहेरच्या पत्र्यावर न बोलावता साथ धरतो, आणि डोंबिवलीत राहत असल्यामुळे दर चार मिनिटांनी एक लोकल भोंगा देऊन जाते. संगणकाला मायक्रोफोन जोडल्यावर तर एक नवीनच गुणगुण ऐकू येऊ लागली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तारांच्या जोडणीत कुठे खोट राहिली की ती आवर्तने मुद्रणात उतरतात. ती गुणगुण पाश्चात्त्यांच्या ‘जी’ या स्वराच्या अगदी जवळ येते. म्हणजे विजेच्या कंपनीने आमच्या घरी चोवीस तास तानपुरा लावून दिला आहे म्हणायचा, फक्त माझी धून त्या पट्टीत नव्हती.

हळूहळू अक्कल येत गेली. मायक्रोफोन गिटारच्या भोकासमोर धरला की आवाज घुमून डेऱ्यातून आल्यासारखा होतो. तो बाराव्या पडद्यासमोर दीड वीत अंतरावर ठेवावा. खोलीतला प्रतिध्वनी मारायला कपड्यांसारखे औषध नाही. म्हणून मी हिचे कपाट उघडे टाकून, लग्नातल्या शालूपासून रोजच्या साड्यांपर्यंत सगळ्यांकडे तोंड करून, पंख्याशिवाय घामाघूम होत वाजवू लागलो. सदतिसाव्या प्रयत्नात लोकल, कुकर, पाऊस आणि माझी बोटे या चौघांचेही एकमत झाले आणि धून निर्विघ्न पार पडली.

मग ती ऐकली. वाचकहो, स्वतःचे वाजवणे पहिल्यांदा ऐकणे हा अनुभव स्वतःचे टक्कल पहिल्यांदा फोटोत पाहण्यासारखा असतो. वाजवताना गिटारची पाठ आपल्या छातीला लागलेली असते, तिची थरथर बरगड्यांतून आत येते. समोरच्याच्या वाट्याला ती येत नाही. शिवाय वाजवणाऱ्याचा कान जे वाजले त्यापेक्षा जे वाजवायचे होते तेच अधिक ऐकतो. यंत्राला आपल्या मनातले काय कळणार? ते बापडे जे झाले तेवढेच सांगते. मी ऐकले आणि मला काहीच ठरवता येईना. हे बरे आहे की वाईट? आता दुसऱ्याचाच कान हवा, असे माझ्या मनाने घेतले.

पहिला मान अर्थातच हिचा. कणीक मळताना मी फोन तिच्या कानाशी धरला. सव्वा मिनिट ती ऐकत होती. मग कुकरची शिट्टी झाली. “छान आहे हो. बाहेर जाताय तर कोथिंबीर आणा,” ती म्हणाली. चिरंजीवांनी इअरफोन लावून पूर्ण ऐकले, हे त्यांचे उपकारच. “चांगलंय बाबा. फक्त आवाज थोडा वाढवा.”

“कुठे वाढवू?”

“सगळीकडेच.”

मोबाईलवर आमच्या कुळाचा एक गट आहे, त्यात त्रेचाळीस माणसे. तिथे धून टाकली. अडीच मिनिटांच्या धुनीवर दहाव्या सेकंदाला पहिला अंगठा उमटला. तासाभरात अकरा अंगठे जमले. ज्यांना लिहिता येत नसे ते पूर्वी अंगठा उठवीत; आमच्या कुळात तर सगळे पदवीधर! वरच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी मात्र डोळे मिटून ऐकले आणि विचारले, “कुठल्या सिनेमातलं?” मी म्हटले, माझेच आहे. “ते झालंच हो, पण मूळ कुठलं?”

आमच्या इंग्रजी विभागातले एक सहकारी पाश्चात्त्य संगीताचे जाणकार आहेत. त्यांनी निम्मी धून ऐकली आणि मला धीर दिला. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाने १९८२ साली न्यू जर्सीतल्या आपल्या भाड्याच्या घरात, झोपण्याच्या खोलीत बसून, कॅसेटच्या साध्या यंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून भरली. नंतर वाद्यवृंदासह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली. आणि अखेर घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध केली. “तेव्हा घरी केलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका,” ते म्हणाले.

“मला वाईट वाटलेलंच नाही,” मी म्हटले. “तुम्हांला कसं वाटलं?”

“तेच तर सांगतोय,” ते म्हणाले आणि तासावर गेले.

एका परिचिताने मायक्रोफोनची किंमत विचारली.

एकूण हिशेब केला तर कोणीही वाईट म्हटले नव्हते. सगळ्यांनी छानच म्हटले होते. मग माणसाने खूष व्हावे की नाही? पण मी रात्री अंथरुणावर पडून ते सगळे ‘छान’ पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहत होतो, आणि प्रत्येक वेळी ते पोकळ लागत होते. खोटे कशाला बोलू, मला स्तुतीच हवी होती. ती मिळालीही होती. तरी ती माझ्या धुनीची वाटेना. कुणाच्याही कुठल्याही धुनीला ती तशीच लागू पडली असती.

आपल्याकडे मैफिलीत दाद देतात, तिची मला त्या रात्री आठवण झाली. गायक समेवर येतो आणि समोरच्याच्या तोंडून ‘वा!’ निघून जाते. त्या ‘वा’ला दुसरा काही अर्थ नसतो, पण जागा असते. ती तिथेच येते, दोन मात्रा अलीकडे नाही की पलीकडे नाही. गाणाऱ्याला तेवढ्यावरून कळते की हा माणूस माझ्याबरोबर इथवर चालत आला आहे. मी साड्यांच्या कपाटापुढे वाजवले होते. पैठणीने समेवर मान हलवली नव्हती. आणि लोकांनी ऐकले ते नंतर, आपापल्या घरी, आपापल्या वेळी. दाद तेवढी माझ्यापर्यंत पोचली, तिची जागा वाटेत गळून पडली.

लेस पॉल नावाचा एक थोर अमेरिकन गिटारवादक होऊन गेला. तो आपल्या आईची एक गोष्ट सांगत असे. आईने एकदा त्याचे कौतुक केले, की रेडिओवर तुझे वादन ऐकले, फार आवडले. वास्तविक ते वादन दुसऱ्याच कुणाचे होते! आईला आपण ओळखू येत नाही, हे त्याच्या जिव्हारी लागले. हॉलीवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःला कोंडून घेतले, आणि एकट्याने वाजवलेल्या गिटारचे आठ थर एकावर एक चढवून केलेली त्याची तबकडी १९४८ साली बाहेर पडली. त्यानंतर त्याला ओळखण्यात कुणाची चूक होणे कठीण होते. आईच्या त्या स्तुतीत टीकेहून मोठी टीका होती, आणि तिने ती अजाणता केली होती.

माझी आई असती, तर काय म्हणाली असती? हा विचार मनात आला आणि मी कूस बदलली.

ऑगस्टच्या दमट हवेत माझ्या गिटारचे लाकूड फुगले, घोडी उचलली गेली, आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच झाल्या की दाबताना स्वर चढू लागले. कुणीतरी वांद्र्याच्या एका वृद्ध गृहस्थांचा पत्ता दिला. दादरला गाडी बदलून, गिटार डोक्यावर धरून, लोकांची बोलणी खात मी त्यांच्याकडे पोचलो. मूळचे गोव्याचे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कलावंतांचा सुकाळ होता त्या काळाच्या अखेरीस ते मुंबईत आले आणि वाजवायला बसले. सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांच्या मराठीत ‘तुम्ही’ हा शब्दच नाही. लहानथोर सगळे ‘तू’.

घोडीवरची पांढरी पट्टी काढून ते कानशीने घासू लागले. घासता घासता म्हणाले, “प्रोफेसर, तू वाजवतो काय?” मी जरा आढेवेढे घेतले आणि फोन काढला.

त्यांनी कानस खाली ठेवली. उठले. खिडकी लावली आणि मग पंखा बंद केला. इतक्या लोकांना मी धून ऐकवली, पण ऐकण्यासाठी पंखा बंद करणारा हा पहिला माणूस. वाजवायला शांतता लागते हे मला घामाने शिकवले होते. ऐकायलाही ती लागते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

धून संपली. “परत लाव,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा मध्येच त्यांनी हात वर केला.

“इथं थांबव. तिसरी तार थोडी उतरलेली आहे, ते सोड, तिला सवयच आहे. पण इथं बघ. इथपर्यंत तू चालत होता. इथून पळतो. कोण लागला तुझ्या मागे?”

मी हसलो. मग हसू आपोआप थांबले, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते.

माझी आई तांदूळ निवडताना एक चाल गुणगुणत असे. शब्द नसत, तिला येत होते की नाही कोण जाणे. सूप मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ती चाल. तिला जाऊन सात वर्षे झाली. गिटार हाती आल्यावर मी ती चाल शोधू लागलो, तेव्हा तिचा आरंभ सापडला, शेवट सापडला. मधला भाग काही केल्या आठवेना. आयुष्याची पहिली वीस वर्षे रोज कानांवर पडलेली चाल, आणि मी ती कधी नीट ऐकलीच नव्हती. मग मधला भाग मी माझ्या पदरचा घातला. तो कुणाच्या लक्षात येऊ नये, विशेषतः माझ्या, म्हणून तिथे मी भरभर पुढे जात होतो. माझी ही चोरी घरच्यांना कळली नव्हती आणि कुळातल्या त्रेचाळीस माणसांना कळली नव्हती. ती एका परक्या म्हाताऱ्याने दोन वेळा ऐकून पकडली होती.

मी त्यांना हे सगळे सांगितले. त्यांनी सांत्वन वगैरे केले नाही. कानस पुन्हा हातात घेतली.

“विसरला तर विसरला,” ते म्हणाले. “तसंच वाजव. तिथं थांब. आठवत नाही त्याच्यावर खोटा सूर टाकू नको. आठवेल तिथून परत सुरू कर.”

घोडीचे पैसे त्यांनी मोजून घेतले. ऐकण्याचे काही मागितले नाहीत. तसे पाहिले तर तेच काम मोठे होते.

सप्टेंबरच्या अखेरीस मी पुन्हा साड्यांपुढे बसलो. मधला भाग काढून टाकला. तिथे आता चार मात्रांची शांतता आहे, आणि त्या शांततेत, नीट कान दिला तर, दूर एक लोकल जाताना ऐकू येते. ती मी राहू दिली. रात्री ते ऐकत बसलो होतो, तेव्हा ही हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली.

“हे आईंचं ना? तांदूळ निवडताना म्हणायच्या, ते?”

“हो. मग मागच्या वेळी का नाही ओळखलंस?”

“मागच्या वेळी तुम्ही थांबलात कुठं ओळखायला?” ती म्हणाली. मग पलंगाच्या कडेला बसून तिने पुन्हा लावायला सांगितले. “पण शेवटच्या वळणावर तुम्ही जरा रेंगाळता हं. आई तिथं चटकन सूप पाखडायच्या.”

मी पाहतच राहिलो. हे मला आठवत नव्हते. हिला आठवत होते.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाताच मी त्या मुलीला निरोप पाठवला, की वही घेऊन ये. ती आली ती थोडी घाबरूनच. वही ठेवून घेतली आणि घरी, पंखा बंद करून, ती कविता वाचली. चौदा ओळींना चाळीस मिनिटे लागली. कोकणातले घर विकल्याची ती कविता. पहिल्या आठ ओळी पायरी पायरीने घरात फिरतात: अंगण, विहीर, माजघर. नवव्या एकाच ओळीत सौदा होतो, सामान ट्रकमध्ये चढते आणि घर संपते. माझा जुना शेरा मी खोडला आणि त्या ओळीशी पेन्सिलीने लिहिले, ‘इथे तू पळते आहेस. का?’

तिने ते वाचले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, तिथं आजी काय म्हणाली, ते मला लिहायचं नव्हतं.”

“मग नको लिहूस,” मी म्हटले. “पण थांब तरी तिथं.”

आठवड्याने तिने कविता पुन्हा आणून दिली. नवव्या ओळीच्या जागी आता तीन ओळी आल्या आहेत. त्यांतली एक मला अजून पटलेली नाही आणि तिच्याशी मी पुन्हा खूण केली आहे. तिने ती खूण मान्य केलेली नाही. आमचा वाद चालू आहे, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थ्याच्या कवितेची कुठली ओळ कितवी, हे मला पाठ झाले आहे.

या प्रकरणाचा बोभाटा वर्गात झाला असावा, कारण माझ्या टेबलावर सध्या सत्तावीस वह्या येऊन पडल्या आहेत. पूर्वी एवढ्या वह्यांना मला एक संध्याकाळ पुरे होत असे, ‘छान. लिहीत राहा.’ लिहायला वेळ तो किती लागणार? आता दिवाळीची सुटी संपत आली तरी अकरावी वही चालू आहे. फराळाची ताटली शेजारी तशीच आहे. ही मघाशी चकली कशी झाली म्हणून विचारून गेली. मी सवयीने “छान” म्हणालो.

“छान म्हणजे कुठे?” ती म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि दुसरी चकली नीट चावून खाल्ली. मोहन किंचित कमी पडले आहे.